साकम्माची टोपली आणि माझं पत्रक

खेकड्याच्या पाठीचं कवच मागच्या बाजूनं अंगठा घालून उचललं की घट्ट बसलेल्या डब्याचं झाकण निघावं तसा आवाज येतो. खेकडा बर्फात ठेवून मारलेला असायचा, त्याला काही कळत नव्हतं, तरी तो आवाज ऐकून माझ्या दाढा शिवशिवायच्या. आत दोन्ही बाजूंना कल्ले असतात, ओल्या करड्या पिसांसारखे. भिंगाखाली त्या पिसांच्या फटींत बघत राहिलं की काहीतरी हलतं. पांढुरकं, तांदळाच्या कणीएवढं. एका टोकाला पाच बोटं, दुसऱ्या टोकाला चिकटायची बशी. बोटं टेकवायची, मागचं टोक ओढून घ्यायचं, पुन्हा बोटं टेकवायची. दुसऱ्याच्या श्वासाच्या जागेत ते घरच्यासारखं हिंडायचं. कवचाच्या कडेला त्यांची अंडी ओळीनं चिकटवलेली असायची, तपकिरी, नीट मांडलेली, आणि त्या नीटपणाचीच मला जास्त किळस यायची. पहिल्या दिवशी मला उलटी झाली. दुसऱ्या दिवशीही झाली. तिसऱ्या दिवशी मी सकाळचं काही न खाताच गेले.

बी.एस्सी. झाल्यावर मी मृणाल मॅडमच्या हाताखाली कामाला लागले होते. त्या नाशिककडच्या, नवऱ्याच्या नोकरीमुळे मैसूरला आलेल्या. जयलक्ष्मीपुरमजवळच्या एका कॉलेजात मागच्या बाजूची एक खोली त्यांना मिळाली होती, आणि तिथे त्या गोड्या पाण्यातले खेकडे आणि कोळंब्या यांच्या अंगावर कोण कोण राहतं याचा अभ्यास करायच्या. कोण फुकट राहतं, कोण रक्त पितं, कोण भाडं देतं, असं त्या हसत म्हणायच्या. मला हसू यायचं नाही. कोळंबीचा एक गाल फुगलेला दिसला की त्या खूश व्हायच्या. चिमट्यानं गालावरची कातडी सोलली की आत एका किड्याची चपटी, वाकडी, अंड्यांनी टम्म भरलेली बाई असायची, आणि तिच्या पोटाला एक चिमुकला नर लटकलेला. ती कोळंबीचं रक्त पिते आणि तो तिला धरून बसतो. कोळंबीला मग पिल्लं होत नाहीत. "काय संसार आहे बघ," मॅडम म्हणायच्या. मी ट्रे धुवायला घेऊन जायचे. नळाच्या पाण्याबरोबर पायांचे तुकडे मोरीत गोल फिरायचे आणि तो वास, तळ्याचा चिखल आणि फॉर्मॅलिन यांचा मिळून झालेला, माझ्या वेणीत बसायचा.

घरी आईनं त्याच्यावर कायदे केले होते. मागच्या दारानं यायचं, अंघोळ करून मगच स्वयंपाकघरात, कामाचे कपडे वेगळ्या बादलीत. आमचं घर मंडी मोहल्ल्यात, पिढ्यान् पिढ्या तिथलंच. आमचे लोक पूर्वी कापड रंगवायचे, ठसे मारायचे. आजोबांनी कापड सोडून कागद धरला, आणि अप्पांकडे, माझ्या वडिलांकडे, एका खोलीचा छापखाना आला. रविवारी मटण व्हायचं, पण खेकडा आमच्या चुलीवर कधी चढला नव्हता. मी जेवताना दिवसभराचं काही सांगायला लागले की आई डाव उगारायची. "अय्यो, ते कल्लेबिल्ले इथं नको. आधी सारू उतरू दे घशाखाली. आणि ते हात तांदळाच्या डब्याला लावायचे नाहीत, बेडा, नको म्हणजे नको." अवरेकाळूचे, ओल्या वालाचे, दिवस असले की ती दाणे भिजवून सोलायला बसायची, अंगठा आणि बोट यांच्यात दाणा दाबला की साल सुटून पांढरा दाणा टपकन उडायचा. मला त्या वर्षी ते बघवायचं नाही. ओला, पांढरा, गुळगुळीत. मी बाहेरच्या खोलीत जाऊन बसायचे.

बाहेरच्या खोलीत पत्रकं असायची. आमच्या घरात पत्रकांशिवाय कागद नव्हता. फडताळात अंथरलेली पत्रकं, डब्यांच्या झाकणाखाली दुमडलेली पत्रकं, माझ्या शाळेच्या गणितांसाठी पाठकोऱ्या पत्रकांच्या शिवलेल्या वह्या. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच: हुंड्याविरुद्ध, देवापुढे बकरे कापण्याविरुद्ध, बिडी कामगारांच्या मजुरीसाठी, अंगात येणाऱ्या बायांविरुद्ध. बहुतेक कानडीत, क्वचित एखादं आमच्या मराठीत. अप्पा स्वतः लिहायचे, स्वतः खिळे जुळवायचे, आणि शाई सुकायच्या आत मला मोठ्यानं वाचायला लावायचे. जिथं माझा श्वास अडकेल ते वाक्य ते तोडायचे. त्यांचा नियम एकच होता. पत्रक माणूस रस्त्यात उभा राहून वाचतो, एका हातात भाजीची पिशवी असते, म्हणून पत्रकात 'कदाचित' लिहायचं नाही. शंका असलेला माणूस पिशवी खाली ठेवत नाही. दहाव्या वर्षी मला हे पाठ होतं आणि विसाव्या वर्षी मला ते जगातलं सगळ्यात सरळ वाक्य वाटायचं. आज ते आठवलं की तोंडात शाईची चव येते.

मॅडमच्या वहीत मात्र 'कदाचित' पानोपानी असायचं. एका पानावर त्यांनी लिहिलं होतं: कवचावर व कल्ल्यांत पाच बोटांचे कृमी, भरपूर, खेकड्याला अपाय दिसत नाही, माणसाला अपाय असल्याचं माहीत नाही. त्याखाली बारीक अक्षरात: फुप्फुसात राहणारा चपटा कृमी वेगळा, कच्चा किंवा अर्धा शिजलेला खेकडा खाल्ल्यास माणसाला लागू शकतो, आपल्या नमुन्यांत आजवर सापडलेला नाही, कदाचित अजून बघायला हवं. हे पान मी नंतर इतक्या वेळा वाचलं की मला ते ओळींच्या उतारासकट आठवतं. पहिल्या वेळी मात्र मी ते किती वाचलं, कोण जाणे.

त्या आठवड्यात मॅडम नमुने गोळा करायला बैलकुप्प्याकडे गेल्या होत्या, मक्याच्या शेतांमधल्या ओहोळांत. मला खोली सांभाळायला ठेवलं होतं. एका सकाळी आईनं नारळ आणायला पाठवलं म्हणून मी बाजारात गेले. मासळीच्या ओळीच्या टोकाला साकम्मा बसायची. तिला मी लहानपणापासून बघत होते, पण तिच्या टोपलीत कधी डोकावले नव्हते. तिचा भाऊ कालव्याकाठच्या भातशेतांतून खेकडे धरून पाठवायचा आणि ती पेंढ्याच्या दोरीनं त्यांचे पाय बांधून पाच-पाचचे झुबके करायची. त्या दिवशी मी वाकले. एक खेकडा उलटा पडला होता, आणि त्याच्या पायांच्या सांध्यांत ते होते. भिंगाशिवाय दिसत होते. बोटं टेकवत, मागचं टोक ओढत. शेजारी एक बाई तेच झुबके हातात उचलून वजन बघत होती, आणि तिच्या कडेवरचं मूल खेकड्याच्या पाठीवर बोट फिरवत होतं. मी नारळ न घेताच परत आले आणि छापखान्यात जाऊन लिहायला बसले.

मला वाटलं, मी रागावले आहे. लोकांना हे कळायला नको का, असं मी स्वतःशी म्हणत होते, आणि ते म्हणताना छाती भरून येत होती. खरं तर मला फक्त घाण वाटली होती. त्या वयात मला या दोन गोष्टींतला फरक माहीत नव्हता. आजही माझ्या पिढीतल्या पुष्कळ लोकांना माहीत नाही, आणि ते माझ्यासारखेच तावातावानं लिहीत असतात.

अप्पांनी मसुदा हातात घेतला आणि नेहमीसारखं पेन काढलं. माझ्या मजकुरात दोन ठिकाणी 'कदाचित' होतं. दोन्ही गेली. "पुट्टी, तू स्वतः डोळ्यांनी पाहिलंस ना?" त्यांनी विचारलं.

"पाहिलं, अप्पा. वळवळत होते."

"मग कदाचित कशाला? मॅडमना विचारलंस?"

"त्या गावाला गेल्यात. पण त्यांच्या वहीत आहे सगळं."

"मग झालं," अप्पा म्हणाले.

एक शब्द मात्र अप्पांनी काढला नाही. तो मी काढला. 'कच्चा खेकडा खाल्ल्यास' असं मी लिहिलं होतं, आणि 'कच्चा' घेतला की ओळ एका अक्षरानं मापाबाहेर जात होती. कच्चा खेकडा आपल्याकडे कुणी खात नाही, मग तो शब्द कशाला, असं मी स्वतःला समजावलं. कुणीच कच्चा खात नाही तर मग पत्रक तरी कशाला, हे मनात आलं नाही. वर मोठ्या अक्षरात कानडीत छापलं: तुमच्या ताटातल्या नळ्ळीत जिवंत किडे, माणसाच्या फुप्फुसात घर करणारे. नळ्ळी म्हणजे आमच्याकडचा शेतातला खेकडा. शाई ओली असतानाच मी वाचून दाखवलं. श्वास कुठेच अडकला नाही.

चार सकाळी मी बाजाराच्या तोंडाशी उभी राहून पत्रकं वाटली. पहिल्यांदाच माझं पत्रक लोक खरोखर थांबून वाचत होते. पिशव्या खाली ठेवत होते. एका माणसानं दोन मागून घेतली. एका मुलीनं मोबाइलवर फोटो काढला, मग आणखी दोघींनी, आणि संध्याकाळपर्यंत तो फोटो माझ्या मावशीकडे बंगळुरूला पोहोचला. मी त्या रात्री आईच्या हातचं चित्रान्न तीन वेळा वाढून घेतलं.

पाचव्या दिवशी आई नारळ घेऊन घरी आली आणि पिशवी खाली न ठेवता म्हणाली, "त्या साकम्माच्या टोपलीपुढं कोणी फिरकत नाही गं. मेलेले पडलेत नुसते. वास मारतोय."

मी गेले. दुपारचे बारा वाजत आले होते. एरवी त्या वेळेला साकम्मा रिकामी टोपली डोक्याखाली घेऊन आडवी व्हायची. त्या दिवशी टोपली काठोकाठ होती, वरचे खेकडे तोंडाशी फेस आणून संथ हलत होते आणि खालचे मेले होते. मेलेला खेकडा तासाभरात नासतो. माशा होत्या. शेजारचा मासळीवाला नयाझभाई आपली पाटी सरकवून चांगली चार हात लांब बसला होता. "बुरा नको मानो अक्का," तो तिला सांगत होता, "तुमारे कीडों के वास्ते मेरी मच्छी बी पडी है." साकम्मा त्याच्याकडे बघत नव्हती. ती पेंढ्याच्या दोऱ्या सोडवत होती. एकेका मेलेल्या खेकड्याचे पाय मोकळे करून तो बाजूच्या डालीत टाकत होती, दोरी मात्र जपून मांडीवर ठेवत होती. मी तिथून निघून आले. मला तिच्याशी बोलायची छाती झाली नाही, आणि नाकावर रुमाल धरल्याची लाज तर घरी पोहोचल्यावर वाटली.

मॅडम परत आल्या त्या ओले डबे काखेत घेऊनच. एक खेकडा, एक डबा, हा त्यांचा नियम होता; एकाच्या अंगावरचे दुसऱ्याच्या अंगावर चढले तर मोजण्याला अर्थ राहत नाही. डबे ओळीनं ठेवून झाल्यावर त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यांच्या इमारतीतल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर माझं पत्रक आलं होतं, खाली कुणीतरी मराठी तर्जुमा करून.

"हे कुणी लिहिलं, माहीत आहे तुला?"

"मी," मी म्हणाले. अजूनही आवाजात थोडी ऐट असावी.

"कशावरून?"

"तुमच्या वहीवरून."

त्यांनी वही उघडली आणि ते पान काढून माझ्यापुढे सरकवलं. मी वाचलं. त्या म्हणाल्या, "अगं, ते पाच बोटांचे बिचारे खेकड्याचं रक्तसुद्धा पीत नाहीत. पाण्यातलं बारीकसारीक पकडून खातात. खेकडा म्हणजे त्यांची बैलगाडी. आणि फुप्फुसातला कृमी आपल्याला एकाही खेकड्यात मिळालेला नाही. मिळाला असता तरी शिजवल्यावर मरतो. तू दोघांना एकत्र करून एक तिसराच प्राणी तयार केलास."

"पण मी डोळ्यांनी पाहिले. वळवळत होते."

"तुला घाण वाटली."

"हो."

"मलाही वाटते," मॅडम म्हणाल्या. मला ते पहिल्यांदाच कळत होतं. "बारा वर्षं झाली. त्या फुगलेल्या गालाची कातडी सोलताना मी अजून श्वास रोखते. पण मी वहीत 'घाण' असं लिहीत नाही, कारण ते त्याच्याबद्दल नाही, माझ्याबद्दल आहे. ती बाजारातली बाई कोण आहे? जिचं गिऱ्हाईक गेलं ती?"

मी साकम्माचं नाव सांगितलं. त्यांनी आणखी काही विचारलं नाही, कामावरूनही काढलं नाही. डबे उघडून त्या मोजायला बसल्या, आणि मला प्रत्येक आकडा मोठ्यानं म्हणून लिहायला लावला. त्या दिवशी भिंगाखालचं काहीच मला तितकं घाणेरडं वाटलं नाही. ते आपलं खात होते, चिकटून होते, कुणाच्या टोपलीतले खेकडे कुजवत नव्हते. गलीज जे काही होतं ते स्टुलावर बसून आकडे लिहीत होतं.

घरी मी दुरुस्तीचा मजकूर लिहिला आणि अप्पांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"या छापखान्यानं आजवर दुरुस्ती छापलेली नाही."

"चूक केलेली आहे पण, अप्पा."

"चूक कोण करत नाही? पण आज आपण म्हणालो की नळ्ळीचं चुकलं, तर उद्या लोक म्हणतील हुंड्याचंही चुकलं असेल, बकऱ्याचंही चुकलं असेल. मग सुम्ने, गप्प बसायचं का आपण? लोक विसरतात, पुट्टी. आठ दिवस थांब."

"साकम्माचे खेकडे तासाभरात नासतात."

आई आतून म्हणाली, "छापून द्या की हो. एवढं काय त्यात."

अप्पांनी मजकूर घडी करून मला परत दिला. अप्पा वाईट माणूस नव्हते; त्यांच्यासारखी सरळ माणसं मी पुढे फार पाहिली नाहीत. पण त्या संध्याकाळी त्यांच्या शाईनं काळ्या झालेल्या नखांकडे बघताना मला जी शिसारी आली ती खेकड्याच्या कल्ल्यांकडे बघताना कधी आली नव्हती, आणि हे मी इतक्या वर्षांनी लिहिते आहे याचंही मला बरं वाटत नाही. मी मजकूर हातानं मोठ्या अक्षरात लिहिला, कोपऱ्यावरच्या दुकानातून झेरॉक्स काढल्या, आणि सकाळी बाजाराच्या तोंडाशी त्याच जागी उभी राहिले.

कुणी थांबलं नाही. वर मोठ्या अक्षरात 'माझी चूक झाली' असं होतं. लोक पहिली ओळ वाचायचे आणि ही बाई आपल्या घरातलं काहीतरी सांगते आहे असं समजून पुढे जायचे. मजकुरात 'शिजवल्यास' होतं, 'आजवर' होतं, 'आमच्या नमुन्यांत' होतं. सगळं खरं होतं, आणि भाजीची पिशवी हातात घेऊन ते कुणालाही वाचून होत नव्हतं. कुणी फोटोही काढला नाही.

मग मी साकम्माकडे गेले. ती कानडीतच बोलायची. मी इथं आमच्या भाषेत लिहिते. टोपलीत त्या दिवशी थोडेच खेकडे होते. भावानं कमी पाठवले होते.

"साकम्मक्का, ते पत्रक मी लिहिलं होतं," मी म्हणाले.

"ठाऊक आहे. चार दिवस तिथं उभी होतीस. मी बघत होते की इथून."

"ते चुकीचं होतं. हे बघा, मी दुसरं लिहिलंय."

"मला वाचता येत नाही, मगळे. म्हणून दाखव."

मी उभ्यानं वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. नयाझभाईही ऐकत होता. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "म्हणजे खाल्लं तर काही होत नाही?"

"शिजवून खाल्लं तर नाही."

"तू खातेस?"

मी हातातल्या कागदाची घडी करायला लागले. साकम्मानं मागचा ॲल्युमिनियमचा डबा पुढे ओढला आणि झाकण काढलं. तिचंच दुपारचं जेवण होतं, नाचणीच्या उकडीचा गोळा, म्हणजे मुद्दे, आणि नळ्ळी सारू. लालभडक रस्सा, वर तेलाचा तवंग, आणि त्यातून वर आलेला अर्धा खेकडा, कवच काढलेला, कल्ल्यांच्या जागी भोकं. तिनं दुमडलेलं पोतं माझ्यापुढे टाकलं. "बस. कागद राहू दे. इथं बसून खा, सगळ्यांना दिसेल असं."

"क्या मेडम," नयाझभाई म्हणाला, "कीडे गिन को खारे क्या?" दोघं-तिघं हसले.

मी बसले. मुद्देचा तुकडा मोडून रश्श्यात बुडवला, तिथवर ठीक होतं. मग तिनं बोटानं खेकड्याकडे खूण केली. मी पाय तोडला. तोच आवाज आला, डब्याच्या झाकणाचा. दाढांत धरून फोडला तेव्हा आतून गरम पाणी आणि तंतू तोंडात आले, आणि माझ्या डोळ्यांपुढे त्या सांध्यातली पाच बोटं होती, टेकवत, ओढत. शिजून मेलेली आहेत, काही करत नाहीत, हे मला तिथल्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. चव मला कळलीच नाही. डोळ्यांतून पाणी आलं, आणि मी गिळलं. मग धड. मग दुसरा पाय. साकम्मा वारा घालत बसली होती, माझ्याकडे न बघता, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत.

डबा रिकामा झाल्यावर तिनं लोट्यातलं पाणी माझ्या हातावर ओतलं. मला वाटलं, आता ती काहीतरी मऊ बोलेल.

"उद्यापण ये," ती म्हणाली. "एक दिवसानं काय होतंय?"

मी गेले. दुसऱ्या दिवशीही तशीच किळस आली आणि तसंच मी गिळलं. लोक बघून गेले, टोपली तशीच राहिली. त्यानंतरच्या दिवशी एक बाई येऊन उभी राहिली, कापडी पिशवी काखेत घट्ट धरून. साकम्माचं जुनं गिऱ्हाईक असावं, कारण तिनं भाव विचारला नाही आणि साकम्मानंही सांगितला नाही. बाईचं लक्ष खेकड्यांकडे नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी चावत होते तोवर ती थांबली. माझ्या गळ्याशी हालचाल झाली, घास खाली गेला, हे तिनं नीट पाहिलं. मग तिनं पिशवीचं तोंड उघडलं, आणि साकम्मा पाच खेकडे एकत्र धरून पेंढ्याच्या दोरीनं बांधायला लागली.